अंथरूण ओलं होतं तेव्हा

घरात म्हातारं माणूस असतं. कधी ते अर्धांगवायूनं पडून असतं. एके दिवशी त्याचं अंथरूण ओलं होतं. दोन दिवसांनी पुन्हा होतं. मग घरात कुजबूज सुरू होते. कोणी म्हणतं, "मुद्दाम करतात." कोणी म्हणतं, "वय झालं, चालायचंच." आम्हांला ही दोन्ही बोलणी पटत नाहीत. मुद्दाम कोणी करत नाही. आणि नुसत्या वयानं असं होत नाही. त्याला काही कारण असतं.

लघवी पोटात एका पिशवीत साठते. तिला मूत्राशय म्हणतात. मोठ्या माणसाच्या पिशवीत सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास. पिशवीच्या तोंडाशी स्नायू असतात. ते तोंड आवळून धरतात. बाळंतपणांनी बायकांचे हे स्नायू सैल पडतात. मग खोकला आला, शिंक आली, हंडा उचलला, की थेंब गळतात. पुरुषांचं निराळं. उतारवयात त्यांची प्रोस्टेट नावाची गाठ वाढते आणि वाट अडते. पिशवी पुरती रिकामी होत नाही. माठ काठोकाठ भरला की वरून सांडतो ना, तसं ते सांडणं असतं. अर्धांगवायूत मेंदूचा निरोप नीट पोचत नाही. मधुमेहात लघवी फार होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होते. आणि बद्धकोष्ठ! आतड्यात मळ साठला की तो पिशवीला दाबतो. हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावं. यातली बरीच कारणं औषधानं किंवा व्यायामानं आटोक्यात येतात. पण गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत.

आता पाण्याचं. अंथरूण ओलं झालं की म्हातारं माणूस शरमतं. सुनेला त्रास नको म्हणून ते पाणी प्यायचंच सोडतं. आपणही म्हणतो, बरं झालं. पण इथंच चुकतं! पाणी कमी पडलं की लघवी दाट होते. ती पिशवीला झोंबते. घाई वाढते, मळ घट्ट होतो, जंतूही लवकर धरतात. तेव्हा दिवसभर थोडं थोडं पाणी द्यावं. दिवेलागणीनंतर बेतानं द्यावं. संध्याकाळचा चहा टाळावा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तेवढंच पाणी.

तुम्हांला आता लिहिता येतं. तर एक काम करा. तीन दिवस वहीत लिहून ठेवा. पाणी-चहा कधी दिला, लघवीला कधी नेलं, कपडे कधी ओले झाले. वेळ लिहायला विसरू नका. तिसऱ्या दिवशी वही वाचली की घड्याळ आपोआप कळतं. सकाळी चहानंतर तासाभरानं कपडे भिजत असतील, तर त्याच्या आधीच न्यावं. एरवी दिवसा दर दोन-तीन तासांनी न्यावं, "लागली का?" असं विचारत बसू नये. ही वही डॉक्टरांनाही फार उपयोगी पडते.

रात्री संडासाच्या वाटेवर दिवा असू द्या. घाईत पाय घसरून मांडीचं हाड मोडणं हे ओल्या अंथरुणाहून वाईट. त्यापेक्षा खाटेशेजारी भांडं ठेवावं. नाडीच्या गाठी नकोत. लुंगी, गाऊन, असं चटकन सुटेल ते नेसवावं.

गादीवर मेणकापड घाला. त्यावर जुन्या धोतराची किंवा लुगड्याची चौपदरी घडी आडवी घाला. भिजली की तेवढीच घडी ओढून काढता येते. अंगाखाली नुसतं मेणकापड कधीही ठेवू नये, कातडी घामानं सोलवटते. ओलं झालेलं अंग कोमट पाण्यानं धुवावं, घासू नये, मऊ फडक्यानं टिपून कोरडं करावं. मग व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. पावडरीचे गोळे होतात, ती नको. उठता न येणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी. माकडहाडाशी लाल चट्टा दिसला आणि बोटानं दाबूनही तो पांढुरका होत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी.

बाजारात मोठ्यांचे डायपर मिळतात. प्रवासाला, रात्रीला बरे. पण ओला डायपर तासन्‌तास ठेवू नये, आणि वापरलेला कागदात गुंडाळून वेगळा टाकावा. ओले कपडे गार पाण्यात बुचकळून मग साबणानं धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत. लघवीच्या कपड्यांवर थेट ब्लीचिंग पावडर टाकू नका. त्यातून झोंबणारा वायू निघतो.

हे काम एकट्या सुनेचं नाही. वडिलांचं अंग पुसायला मुलानं उभं राहावं. वडिलांनाही त्यात कमी लाज वाटते.

ताप आला, लघवीत रक्त दिसलं, आग होऊ लागली, किंवा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाय एकदम लुळे पडले किंवा जांघेत बधिरपणा आला, तर तासही दवडू नये. आणि ओटीपोट फुगून ताठ झालं आहे, लघवी मात्र थेंब थेंबच येते, असं दिसलं, तर माठ तुंबला आहे असं समजा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.