स्वस्त वस्तू घेताना : निर्धास्त काय घ्यावं, पारखून काय घ्यावं

महिन्याचा पगार झाला की पहिल्या रविवारी सवलतीच्या दुकानात रांगा लागतात. तांदूळ, तेल, साबण घेऊन झालं की ट्रॉलीत हळूहळू इतर वस्तू येऊन पडतात : एक इस्त्री, डब्यांचा संच, मुलासाठी रिमोटची गाडी. बाजारपेठेतल्या ‘कोणतीही वस्तू ९९ रुपये’वाल्या दुकानातही हेच घडतं. पैसे वाचवणं शहाणपणाचंच आहे. फक्त प्रत्येक वस्तूला सारखाच निकष लावून चालत नाही.

स्वस्ताई आली कुठून?

किंमत कमी होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखता आली की निम्मा निर्णय होतो. डीमार्टचं उदाहरण घ्या. २००२ साली पवईत त्यांचं पहिलं दुकान सुरू झालं. बहुतेक जागा स्वतःच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा कमी. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते, त्यामुळे खरेदीचा भाव चांगला. आणि खप मोठा. अशा दुकानात नेहमीच्या कंपनीची टूथपेस्ट स्वस्त मिळते तेव्हा टूथपेस्ट तीच असते, दुकान चालवण्याचा खर्च कमी झालेला असतो. ही स्वस्ताई डोळे झाकून घ्यावी.

दुसरं कारण म्हणजे मुदत संपत आलेला किंवा फॅशन मागे पडलेला माल. मुदतीच्या आत वापरून होणार असेल तर हाही फायद्याचाच.

तिसरं कारण मात्र वस्तूच्या आत दडलेलं असतं : पत्रा पातळ, वायरमधलं तांबं कमी, रंग हलका. खबरदारी घ्यायची ती इथे.

एकच प्रश्न, तीन ढीग

वस्तू हातात घेतली की स्वतःला विचारा : ही बिघडली तर माझं काय बिघडेल? उत्तरानुसार ट्रॉलीतल्या मालाचे तीन ढीग होतात.

पहिल्या ढिगात बादली, मग, केरसुणी, हँगर, कपड्यांचे चिमटे, वह्या, पायपुसणी, तोरणं. ही तुटली तर तेवढेच पैसे जातील. खुशाल घ्या. दुसऱ्या ढिगात पोटात जाणाऱ्या आणि अंगाला लागणाऱ्या वस्तू. त्यांची लेबलं वाचायची. तिसऱ्या ढिगात वीज, गॅस, वाफ आणि लहान मुलं यांच्याशी संबंध असलेलं सगळं. इथे चिन्ह नसेल तर खरेदी नाही.

तिसरा ढीग : चिन्ह कसं तपासायचं

इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, गीझर, प्लग, प्रेशर कुकर, दुचाकीचं हेल्मेट यांच्यावर आयएसआय चिन्ह असणं कायद्याने सक्तीचं आहे. गॅसची नळीही या चिन्हाशिवाय घेऊ नये. पण नुसतं चिन्ह छापणं सोपं असतं, म्हणून त्याच्या वर-खाली पाहा. वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक असतो. कुकरसाठी आयएस २३४७, हेल्मेटसाठी आयएस ४१५१. खालच्या बाजूला ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कशासाठी आणि चालू आहे की नाही हे समजतं. खोक्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं नाही तर वस्तू परत फळीवर ठेवा.

मोबाइलचे चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे यांना वेगळी व्यवस्था आहे. त्यांच्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तोही याच ॲपवर तपासता येतो. युरोपचं ‘सीई’ हे चिन्ह याला पर्याय ठरत नाही.

एक्स्टेंशन बोर्डाच्या बाबतीत विशेष जपा. त्यातली तार बारीक असेल तर मोबाइल चार्ज करताना काही जाणवत नाही. इस्त्री किंवा शेगडी लावली की तार तापते, वरचं प्लास्टिक वितळतं आणि आगीला निमित्त मिळतं. कुकरची शिट्टी, गास्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सुटे भागही आपल्या कुकरच्या कंपनीचेच घ्या. वाफ कोंडली तर शेवटी व्हॉल्व्हच आपल्याला वाचवतो.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. रंगातलं शिसं, धारदार कडा, घशात अडकतील असे सुटे भाग यांची तपासणी त्यात होते. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यावर चिन्ह दिसलं नाही तर बिचकू नका. बटणासारखा चपटा सेल असलेलं खेळणं मात्र उघडून बघा. सेलचं झाकण स्क्रूने बंद असलंच पाहिजे. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच गंभीर भाजू शकतं.

दुसरा ढीग : लेबल वाचा

खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक आणि मुदतीची तारीख शोधा. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ उलटली की पदार्थ खायचा नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही चव आणि दर्जाची मुदत असते. ‘दोनवर एक मोफत’ बिस्किटांची मुदत वीस दिवसांत संपत असेल तर घरात तितकं खाल्लं जाईल का, ते मोजा. फुगलेलं पाकीट, चेपलेला किंवा गंजलेला डबा कितीही स्वस्त असला तरी नको.

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गरम जेवणाच्या डब्यासाठी ते चालतं. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. त्यात गरम काही भरू नये. आकडाच नसेल तर त्या डब्यात पिना आणि बटणं ठेवावीत. मेलामाईनच्या ताटल्या दिसायला सुंदर असतात, पण त्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत.

स्टीलची भांडी घेताना अनेकजण चुंबक लावतात. चिकटलं नाही तर भांडं उत्तम, असा समज आहे. तो अपुरा आहे. चांगलं ३०४ स्टील चुंबकाला चिकटत नाही, पण निकेल कमी असलेलं हलकं २०२ स्टीलही चिकटत नाही. त्यामुळे भांड्यावर कोरलेला प्रकार आणि उत्पादकाचं नाव पाहणं जास्त भरवशाचं.

गोरं करण्याचा दावा करणाऱ्या, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेल्या क्रीमला तर हातही लावू नये. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पारा मूत्रपिंडांवर घाला घालतो.

फायदा खरा किती?

‘एमआरपीवर पन्नास टक्के सूट’ याने भुलू नका. एमआरपी उत्पादकच ठरवतो. ती मुळात फुगवलेली असेल तर सूटही फुगलेलीच. पाकिटावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापलेली असते, ती ताडून पाहा. समजा, दोनशे ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना आणि पाचशे ग्रॅमचं २४० रुपयांना आहे. लहान पाकिटात ग्रॅमला ४५ पैसे पडतात, मोठ्यात ४८. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं, हा आपला हिशेब इथे चुकतो.

बिल घ्याच

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असलं तरी गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही पडत नाही.

पुढच्या वेळी सवलतीच्या दुकानात जाल तेव्हा बादली आणि झाडू बिनधास्त उचला. इस्त्री, कुकर किंवा बाळाचं खेळणं उचलण्याआधी मात्र दोन मिनिटं थांबून क्रमांक तपासा, आणि बाहेर पडताना बिल मागून घ्या.