बिस्किटाचा पुडा आणि उरलेले पैसे

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर दिव्यांग अनाथ मुलांनी जायचं कुठे, हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी सतत लावून धरला. स्वमग्न मुलाच्या आईबापालाही तोच प्रश्न छळतो. स्वमग्नतेला 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. पण दुकानातून बिस्किटाचा पुडा कसा आणायचा, हे कायदा शिकवत नाही.

समजा, मुलगा गुरुकुंज मोझरीचा आहे. वर्गात खोट्या नोटा मोजायला लावण्यात माझ्या मते वेळ जातो. तिथे शिकलेलं दुकानात आपोआप येईल, याची स्वमग्न मुलाच्या बाबतीत खात्री नसते. म्हणून खरं दुकान, खरी वीसची नोट आणि दुपारची निवांत वेळ घ्यावी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तिथे लाखोंची गर्दी लोटते, तेव्हा मुळीच सुरुवात करू नये.

आधी कामाचे तुकडे पाडायचे: दुकानासमोर थांबणं, पुड्याचं चित्र दाखवणं, नोट देणं, थांबणं, पुडा नि उरलेले पैसे घेणं. शिकवायचं मात्र शेवटाकडून. पहिले काही दिवस बाकी सगळं आईने करायचं, पुडा नि उरलेले पैसे हातात घेणं तेवढं मुलाचं. काम पुरं झालं आणि खाऊही मिळाला, हे त्याला लगेच कळतं. ते जमलं की त्याआधीचं थांबणंही त्याच्याकडे सोपवायचं, मग नोट देणं, मग त्याआधीचा तुकडा.

मदत मागे उभं राहून करावी. आधी मनगट धरायचं, नंतर कोपराला नुसता स्पर्श, मग फक्त बोटाने खूण. ‘दे, दे, नोट दे’ हा घोष टाळावा. तोंडी सूचनेची सवय सोडवणं सगळ्यांत अवघड. रोज वहीत प्रत्येक तुकड्यापुढे एक शब्द लिहायचा: हात, खूण की स्वतः. महिन्याभराने वही चाळली की कुठला तुकडा अडतोय ते दिसतं.

दुकानदारालाही शिकवावं लागतं. ‘काय पायजे बाबू?’ एकदाच विचारायचं आणि वाट पाहायची. मुलगा नजरेला नजर देत नसेल, तर तो उर्मटपणा नव्हे. मागचं गिऱ्हाईक घाई करतं, त्याला थोपवणं आईचं काम.

मग ठरवून दुसरं दुकान, दहाची नोट आणि एक दिवस ‘पुडा संपला’ हे उत्तर. हा नकार मुद्दाम शिकवायचा. त्यासाठी दुसऱ्या खाऊचं चित्र खिशात आधीच हवं. एवढं बसलं की तिवशाची एसटी: सवलतीचं कार्ड दाखवणं, तिकीट घेणं, थांबा ओळखणं. पुन्हा शेवटाकडून.