झाशीचा किल्ला : गढी, राजवाडा, छावणी आणि आता स्मारक

झाशी, उत्तर प्रदेश – मराठी माणसाच्या मनात झाशीचा किल्ला म्हटले की राणी लक्ष्मीबाई आणि १८५७–५८ चा रणसंग्राम एवढेच उभे राहते. प्रत्यक्षात बंगरा टेकडीवरील या वास्तूला चार शतकांचे आयुष्य आहे आणि दर काही पिढ्यांनी तिचे काम बदलत गेले आहे.

ओरछाचे बुंदेला राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये हा किल्ला बांधला, तो राजधानीच्या रक्षणासाठी. अठराव्या शतकात छत्रसालाने बाजीराव पेशव्यांच्या साह्याची परतफेड म्हणून आपला मोठा मुलूख दिला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. १७४२ च्या सुमारास पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर येथे आले. नाशिकच्या गोदाकाठी प्रसिद्ध घंटेच्या मंदिरामुळे आजही लोकांच्या तोंडी असलेले नारोशंकर ते हेच. त्यांनी किल्ल्याला नवी बाजू जोडली. ती शंकरगढ म्हणून ओळखली जाते. किल्ल्यातील गणेश मंदिर त्या मराठी वस्तीची खूण म्हणून उभे आहे.

पुढे नेवाळकर घराण्याकडे कारभार आला. लढाऊ गढीचे दरबारी निवासस्थान झाले, तरी फाशीचा बुरूजही वापरात राहिला. गंगाधररावांच्या मृत्यूनंतर, १८५४ मध्ये, कंपनी सरकारने दत्तक वारस नाकारून संस्थान खालसा केले. राणीला किल्ला सोडून शहरातील महालात राहावे लागले.

यानंतरची घटना विलक्षण म्हणावी लागेल. जून १८५७ मध्ये शिपाई उठले तेव्हा इंग्रज अधिकारी व त्यांची कुटुंबे याच किल्ल्यात आसऱ्याला आली. ८ जून रोजी ते बाहेर पडले आणि जोखनबागेत मारले गेले. त्यानंतर राणीने झाशीचा कारभार हाती घेतला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने वेढा घातला, एप्रिलच्या प्रारंभी शहर पडले आणि राणी रात्री किल्ल्याबाहेर पडली. त्या दिवसांत झाशीत असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये शहराच्या लुटीचे जे वर्णन केले, ते मराठीतील अमोल साक्षीपत्र आहे.

पुढचा भाग पर्यटकांना क्वचितच सांगितला जातो. इंग्रजांनी १८६१ मध्ये झाशी शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे दिले आणि आपला जिल्ह्याचा कारभार शेजारच्या झाशी नौआबाद येथून चालवला. १८८६ मध्ये अदलाबदल झाली. ग्वाल्हेरचा किल्ला व मोरार छावणी शिंद्यांकडे परत गेली; त्या मोबदल्यात झाशीचे शहर, किल्ला आणि ५८ गावे ब्रिटिशांकडे आली. ज्या किल्ल्यासाठी एवढे रक्त सांडले, तो अखेर हिशेबाच्या वहीतील एक बाब ठरला. नंतर तो ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात राहिला. पंचमहालाच्या वरच्या भागात त्यांनी सोयीनुसार बदल केले. त्यामुळे आज दिसणारा पंचमहाल हा राणीच्या वेळचाच आहे, असे समजणे चूक ठरेल.

आता किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. प्रवेशाजवळ ‘कडक बिजली’ तोफ आहे. आत तोफची गुलाम गौस खान, मोतीबाई आणि खुदाबक्ष यांच्या कबरी आहेत. राणीने घोड्यावरून उडी मारल्याची जागाही दाखवली जाते. तटाची उंची पाहता तो प्रसंग लोकश्रद्धेतच ठेवणे बरे. शहरातील राणी महालही संग्रहालय झाला आहे, परंतु तेथे प्रामुख्याने मांडल्या आहेत त्या बुंदेलखंडातील मध्ययुगीन दगडी मूर्ती. राणीचे दैनंदिन जीवन पाहण्याच्या ओढीने आलेला प्रवासी तेथून बहुधा काहीसा हिरमुसला होऊन बाहेर पडतो.

किल्ल्याची कथा १८५८ वर येऊन थांबते, ही या स्मारकाची खरी उणीव आहे. शिंद्यांची पंचवीस वर्षे आणि ब्रिटिश छावणीची त्यानंतरची दशके याच भिंतींनी पाहिली, आणि पंचमहालाच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या खुणाही आहेत.