मुकुट आणि मंत्रिमंडळ – लेखांक ७ : किंग कोठीतले राजप्रमुख

आज मलेशियाच्या सुलतानांकडे जायचं ठरलं होतं. ते आठवडाभर थांबतील. उदगीरच्या एका वाचकांनी विचारलंय, "आजोबांनी १९५२ साली मत दिलं तेव्हा वर निजामच होते. मग कॅनडासारखी घटनात्मक राजेशाही आपल्याकडेही होतीच की?" महाराष्ट्रात हा प्रश्न फक्त मराठवाड्यालाच पडू शकतो, आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

सुरुवात १९३८ पासून करावी लागते. हैदराबाद स्टेट काँग्रेस तेव्हा निजामाला हटवा म्हणत नव्हती. आसफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती हवी, म्हणजे गादी निजामाची राहू द्या पण मंत्रिमंडळ लोकांना उत्तरदायी करा, एवढंच मागणं होतं. या लेखमालेचा विषयच तो! तेवढ्यावरही बंदी आली, सत्याग्रही तुरुंगात गेले. दहा वर्षांत ती मागणी मागे पडली आणि भारतात सामील होण्याचा लढा उभा राहिला.

पोलीस ॲक्शन, जनरल चौधुरींची लष्करी राजवट हे सगळ्यांना ठाऊक आहे. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानानं निजामांनी भारताची राज्यघटना हैदराबादसाठी स्वीकारली. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद 'ब' वर्ग राज्य झालं आणि राज्यपालाच्या जागी राजप्रमुख म्हणून निजाम मीर उस्मान अली खानच आले. आधी वेल्लोडी हे नेमलेले मुख्यमंत्री. १९५२ मध्ये १७५ जागांची विधानसभा निवडून आली आणि बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. त्यांचे गृहमंत्री आपल्या भोकरचे दिगंबरराव बिंदू. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात असताना लढ्याची कृती समिती यांनीच सांभाळली होती. आता त्यांच्या सरकारचे आदेश राजप्रमुखांच्या नावानं निघू लागले. माणूस तोच, नाव तेच, निर्णय मात्र निवडून आलेल्यांचा. सांसदीय पद्धतीचा गाभा मला बिंदूंच्या या प्रवासात जितका स्वच्छ दिसतो तितका लंडन-ओटावाच्या वर्णनात दिसत नाही.

तरीही वाचकांना 'होय' म्हणता येत नाही. घटनेच्या तेव्हाच्या कलम ३६६ नुसार, राष्ट्रपती ज्यांना हैदराबादचे निजाम म्हणून मान्यता देतील ते राजप्रमुख. कॅनडाचा मुकुट वारशानं येतो, त्याला कुणाची मान्यता घ्यावी लागत नाही. इथे वारसासुद्धा राष्ट्रपतींच्या मान्यतेवर टिकून! राज्यपालाला पाच वर्षांची मुदत, राजप्रमुखाला तशी मुदत नाही, एवढीच राजेपणाची खूण उरली होती. कलम २३८ मध्ये तर राजधानीत स्वतःचं घर नसेल तरच राजप्रमुखाला बिनभाड्याचं सरकारी निवासस्थान मिळेल, असं लिहिलं होतं. निजामांची किंग कोठी हैदराबादेतच होती.

खरी गोम मला तेव्हाच्या कलम ३७१ मध्ये वाटते. त्यानुसार 'ब' वर्ग राज्यांवर दहा वर्षं केंद्राचं सर्वसाधारण नियंत्रण राहणार होतं. शेजारच्या मुंबई राज्यावर असा अंकुश नव्हता. म्हणजे बुर्गुल सरकारच्या डोक्यावर वजन होतं ते दिल्लीचं. संघराज्याच्या चर्चेत आपण त्याकडे फार कमी पाहतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राजप्रमुखपदच रद्द झालं. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं. निलंगा, अहमदपूरसह ते त्याच दिवशी द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. आजोबांचा जिल्हा, राज्य आणि राज्याचा प्रमुख एकाच दिवशी बदलले. निजामांचा तनखा मात्र चालूच राहिला. संस्थानिकांचे तनखे थांबले ते १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं.