नंदिवर्धन–रामटेक : राजधानी व यात्रामार्ग

वाकाटकांची प्राचीन राजधानी व तिच्या लगतचे तीर्थक्षेत्र यांचा महाराष्ट्र राज्याच्या नागपूर जिल्ह्यातील परिसर. नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या दक्षिणेस सु. ७ किमी. वरील सध्याचे नगरधन हे गाव होय. रामटेक हे तालुक्याचे ठिकाण नागपूरच्या ईशान्येस रस्त्याने सु. ५० किमी. अंतरावर आहे. राजधानी सपाटीवर व राजकुलाचे दैवत टेकडीवर, अशी येथील मूळ रचना असून पश्चिमेस सु. ६ किमी. वरील मनसर हे या परिसराचे तिसरे अंग होय. तिन्ही स्थळे एकत्र पाहिल्याखेरीज या भूभागाचा इतिहास उलगडत नाही. तथापि बहुतेक यात्रेकरू रामदर्शन घेऊन परततात व राजधानी पाहावयाची राहून जाते.

*ऐतिहासिक पार्श्वभूमी :* वाकाटकांच्या ज्येष्ठ शाखेची राजधानी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात नंदिवर्धन येथे होती. दुसरा रुद्रसेन याच्या अकाली निधनानंतर त्याची पत्नी प्रभावतीगुप्ता हिने अल्पवयीन पुत्रांच्या वतीने राज्यकारभार पाहिला. ती गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. तिचा पुणे येथे उपलब्ध झालेला ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला असून ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिल्याचे त्यात नमूद आहे. रामगिरी म्हणजे रामटेकची टेकडी, हे समीकरण या लेखामुळे दृढ झाले. राजधानीतून निघून टेकडीवरील देवापर्यंत जाण्याची वाट राणीच्या परिचयाची होती, एवढे या दोन ताम्रपटांवरून निश्चितपणे म्हणता येते.

प्रभावतीचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने प्रवरपूर ही नवी राजधानी वसविली. वा. वि. मिराशी यांनी ती वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे असल्याचे प्रतिपादिले; मनसर येथील उत्खननानंतर मात्र ती तेथेच असावी, असे मत पुढे आले. राजधानी हलल्यावरही नंदिवर्धनाचे महत्त्व संपले नाही. नलवंशी भवदत्तवर्म्याने तेथूनच आपला ताम्रपट दिला. स्वामिराजाचा इ. स. ५७३ चा ताम्रपटही तेथूनच दिलेला आहे. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या देवळी ताम्रपटात (९४०) नागपूर-नंदिवर्धन या विषयाचा म्हणजे प्रांतविभागाचा उल्लेख येतो.

*पोहोचण्याचे मार्ग :* नागपूर–जबलपूर हा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ७, सध्याचा ४४) कामठी, कन्हान यांवरून मनसरला येतो. तेथून पूर्वेकडे वळणारा रस्ता रामटेकला जातो. लोहमार्गाने येणाऱ्यांस नागपूरच्या इतवारी स्थानकातून कन्हानमार्गे रामटेकपर्यंत शाखामार्ग आहे. या शाखेचे रामटेक हे अखेरचे स्थानक असल्याने येथून पुढचा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो. मनसर व कांद्री येथे मँगॅनीजच्या खाणी असून यात्रेकरूंच्या रस्त्यावरून खनिजाची वाहतूकही चालते. नगरधन व मनसर येथे जाण्यास रामटेकहून निघणे सोयीचे असते. या परिसरातील उन्हाळा प्रखर असतो. यास्तव पायी हिंडू इच्छिणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा व टेकडीची चढण सकाळीच आटोपावी.

*टेकडीवरील मार्ग :* रामटेकची टेकडी ही अंबागड डोंगररांगेचे पश्चिमेकडील टोक असून भोवतालच्या मैदानापासून सु. १५० मी. उंच आहे. दक्षिण व पश्चिम बाजूंस तुटलेले कडे असल्याने तेथे तटाची फारशी आवश्यकता भासली नाही. उत्तरेस मात्र दुहेरी तट आहे. टेकडीवर वाहन जाण्याजोगा रस्ता झाला असला, तरी परंपरेचा मार्ग अंबाळा तलावाकडून निघतो. तलावाभोवती घाट व लहानमोठी देवालये आहेत. यात्रेकरू येथे स्नान करून पायऱ्यांनी वर चढतात. या मार्गाने गेल्यासच स्थळाची रचना नीट ध्यानात येते.

वराह, सिंहपूर, भैरव व गोकुळ या दरवाजांतून क्रमाने आत जावे लागते. वराहाची भव्य मूर्ती, रुद्र नरसिंह व केवल नरसिंह यांची मंदिरे आणि त्रिविक्रमाची मूर्ती हे वाकाटककालीन अवशेष होत. केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीवरील कोरीव लेख गिलाव्याखाली दीर्घकाळ दडून राहिला होता. तो उघड झाल्यावर वाकाटक राजकुलाचा या टेकडीशी असलेला संबंध अधिक स्पष्ट झाला. गोकुळ दरवाजाच्या आत लक्ष्मणाचे मंदिर पुढे व रामाचे त्यामागे आहे. लक्ष्मणमंदिरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातील शिलालेख असून त्यात येथील तीर्थांची माहिती आढळते. शंबूकाची कथा या टेकडीशी निगडित असून धूम्रेश्वर हे स्थान त्याचे स्मारक मानले जाते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी या क्षेत्राचा जीर्णोद्धार केला. टेकडीच्या पायथ्याशी शांतिनाथाचे प्रसिद्ध जैन मंदिर आहे. रामनवमी व कार्तिकी पौर्णिमा या दिवशी मोठ्या यात्रा भरतात. त्या दिवसांत गर्दीमुळे अवशेष निवांतपणे पाहता येत नाहीत.

*राजधानीचा शोध :* नगरधनला गेलेल्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतो तो तटबुरुजांचा किल्ला. यालाच तो वाकाटकांचा किल्ला समजतो. परंतु त्याचे आजचे बांधकाम भोसलेकालीन आहे. वाकाटकांचे नगर आसपासच्या शेतांखाली व वस्तीखाली गाडलेले आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी २०१५–१८ या काळात येथे उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. ताम्रपटांतून ज्ञात असलेली राणी तिच्या राजधानीच्या मातीतच प्रत्यक्ष सापडावी, हे या उत्खननाचे विशेष महत्त्व होय. मनसर येथे हिडिंबा टेकडीवर विटांचे विशाल मंदिरसंकुल उघडकीस आले असून प्रवरेश्वराच्या नावाच्या मुद्राही तेथे मिळाल्या आहेत.

रोम किंवा लंडन येथे जुन्या नगरावरच नवे नगर उभे राहिले; त्यामुळे तेथील प्रवाशास राजधानीचा शोध घ्यावा लागत नाही. नंदिवर्धनाची स्थिती याहून भिन्न आहे. राज्यसत्ता निघून गेली, विटामातीची घरे ढासळली व त्या जागी शेती झाली. दगडाचे देवालय टिकले, कारण त्याच्या पूजेत खंड पडला तरी श्रद्धा पुढेही राहिली. म्हणूनच येथील पांढरीच्या जागा नांगरल्या वा सपाट केल्या गेल्यास होणारी हानी भरून येणारी नाही. भूपृष्ठावर दिसणारे खापराचे तुकडे व विटा प्रवाशाने उचलून नेऊ नयेत. जागेवरून हलविलेल्या वस्तूचे पुरावामूल्य नष्ट होते.

*वाङ्‌मयीन व सांस्कृतिक महत्त्व :* कालिदासाच्या *मेघदूता*तील यक्षाचे निवासस्थान असलेला रामगिरी तो हाच, असे मिराशी यांच्यासह अनेक विद्वानांचे मत आहे. काहींच्या मते तो छत्तीसगढमधील रामगढ होय. मेघाला सांगितलेली वाट येथून उत्तरेस नर्मदेवरून विदिशा व उज्जयिनीकडे जाते, ही गोष्ट रामटेकच्या पक्षास पोषक आहे. टेकडीवर कालिदासाचे स्मारक असून १९९७ मध्ये रामटेक येथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले.

मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासातही या यात्रेस स्थान आहे. महानुभाव परंपरेनुसार भडोचचा हरपाळदेव रामटेकच्या रामाच्या यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडला. वाटेत ऋद्धपूर येथे त्याला गोविंदप्रभू भेटले व तोच पुढे चक्रधरस्वामी म्हणून प्रसिद्धीस आला. त्याच्या आठवणींतून *लीळाचरित्र* हा आद्य मराठी गद्यग्रंथ सिद्ध झाला.

*भ्रमणाचा क्रम :* हा परिसर एका दिवसात पाहावयाचा असल्यास सकाळी अंबाळ्याकडून टेकडी चढावी, माध्यान्हीपूर्वी खाली उतरावे, नंतर नगरधन व परतताना मनसर पाहावे. वेळ असल्यास रामटेकच्या पूर्वेस असलेला ब्रिटिश अमदानीतील खिंडसी तलावही पाहण्यासारखा आहे. टेकडीच्या माथ्यावरून दक्षिणेस दृष्टी टाकली असता नगरधनच्या बाजूची सपाटी दिसते. राणीच्या राजधानीचे नगर तिकडेच होते, हे ठाऊक असलेल्या प्रवाशास ती केवळ शेतजमीन वाटत नाही.