टप उघडा, पण आधी उंबरा पाहा!

मोटार माणूस गरजेपोटी घेतो. उघड्या टपाची, दोनच माणसांची मोटार मात्र तो निव्वळ हौसेपोटी घेतो. तिच्यात संसार मावत नाही. मंडईतून आणलेल्या चार पिशव्या मागे ठेवल्या की पाचवी मांडीवर घ्यावी लागते. पावसाची सर आली की टप ओढून त्याची बटणे लावीपर्यंत अर्धे अंग भिजलेले असते. नातवंडांना बरोबर न्यावे म्हटले तर एका वेळी एकच, आणि तेव्हा आजीने घरी राहायचे! इतके असूनही, इंग्लंडातल्या एखाद्या अरुंद ग्रामीण रस्त्यावरून मे महिन्याच्या उन्हात अशी मोटार टप उतरवून जाताना ज्याने एकदा पाहिली, त्याच्या मनातून ती सहसा जात नाही.

आपल्यापैकी पुष्कळ मंडळी १९६० नंतरच्या दोन दशकांत डॉक्टरीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या निमित्ताने विलायतेस गेली. भाड्याच्या खोलीत राहून पै-पै साठवण्याच्या त्या दिवसांत खिडकीखालून जाणारी लाल एमजी पाहून ‘घेऊ कधीतरी’ असे अनेकांनी मनाशी म्हटले असेल. आता घराचे हप्ते फिटले, मुले मार्गी लागली, आणि ते ‘कधीतरी’ दारात येऊन उभे राहिले. मग इकडच्या भावाला किंवा मेहुण्याला फोन येतो, ‘अरे, एक जुनी स्पोर्ट्स गाडी घेतोय.’ फोन ठेवल्यावर इकडे चर्चा सुरू होते, की यांना म्हातारचळ लागला की काय! तसे काही नाही, वाचकहो. पण निवृत्तीच्या पुंजीतून अशी मोटार घ्यायची तर कोणती घ्यावी, हे मात्र डोके शांत ठेवून ठरवावे लागते.

‘स्वस्त’ या शब्दापाशी प्रथम थांबले पाहिजे. १९६१ ची जग्वार ई-टाइप किंवा ऑस्टिन-हीली ३००० या मोटारी आज सराफकट्ट्यावरच्या वस्तू झाल्या आहेत. त्यांना लांबूनच नमस्कार करावा. मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात उरतात त्या एमजीबी, तिची धाकटी बहीण एमजी मिजेट, आणि ट्रायंफ स्पिटफायर. या तिघी जन्मल्याच मुळी साध्या पगारदारांसाठी. १९६२ साली एमजीबी बाजारात आली तेव्हा करासकट तिची किंमत सुमारे ९५० पौंड होती. आजही चालती, बरी एमजीबी विलायतेत एखाद्या नव्या लहान घरगुती मोटारीपेक्षा कमी पैशांत मिळते. स्पिटफायर आणि मिजेट तर तिच्याहूनही स्वस्त.

आता एक गंमत सांगतो. या परक्या मोटारींशी आपले नाते वाटते त्याहून जवळचे आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डच्या मॉरिस घराण्याचीच एक शाखा. आपली अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती, हे तर सर्वश्रुत आहे. त्या अँबॅसडरला वर्षानुवर्षे जे १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन बसत असे, ते आणि एमजीबीचे १७९८ सी.सी.चे इंजिन एकाच कुळातले. विलायतेत त्या कुळाला ‘बी सिरीज’ म्हणतात. म्हणजे दादरच्या फुटपाथवर अँबॅसडरचे बॉनेट उघडून उकिडवा बसलेला मेस्त्री एमजीबीपाशी नेला असता, तर त्याने ओळखीचे हसूच हसले असते. स्पिटफायरचेही तसेच. मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड ज्यांच्या घरी होती, त्यांना तिचे मडगार्डांसकट पुढे उलटणारे अख्खे बॉनेट आठवत असेल. ते उघडले की इंजिन पाटावर मांडल्यासारखे समोर! स्पिटफायर त्याच हेरल्डच्या सांगाड्यावरून, तो आखूड करून काढलेली. दोन्हींचा घाट इटलीच्या मिकेलोत्ती यांच्या हातचा. स्पिटफायरचे बॉनेटही तसेच उघडते, आणि चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते. ज्यांना स्वतःच्या हाताने पाना फिरवायची हौस आहे, त्यांच्यासाठी एवढी सोय दुसऱ्या कुठल्या मोटारीत क्वचितच सापडेल.

(मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर हल्ली ज्या नव्या एमजी दिसतात, त्यांचा या मोटारींशी नावापुरताच संबंध. ते नाव आता चिनी कंपनीकडे गेले आहे.)

पण इंजिनाच्या गोष्टी जरा बाजूला ठेवू, कारण घेणारा फसतो तो इंजिनात नव्हे. इंजिन बिघडले तर उतरवता येते, नवे बसवता येते. त्याचा खर्च आधी सांगता येतो. खरा खड्डा पत्र्यात असतो. एमजीबीला वेगळा सांगाडा नाही. तिचा पत्राच तिचे हाड. बंद मोटारीला वरचे छत थोडाफार ताण घेते. इथे छतच नाही, तेव्हा सगळा भार येतो तो तळावर आणि दाराखालून जाणाऱ्या दोन पोकळ, लांबट पेट्यांवर. इंग्रजीत त्यांना सिल म्हणतात. आपल्याला ‘उंबरा’ म्हणायला हरकत नाही. विलायतेत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते खारे पाणी उडून या उंबऱ्यांच्या पोटात शिरते आणि वर्षानुवर्षे आतून पत्रा खात राहते. बाहेर रंग चकचकीत, आत भुगा. उंबरे गेले की मोटार मधोमध किंचित वाकते, दाराची फट वरच्या बाजूला चिमटते आणि दार लागताना अडते.

उंबरा नीट बदलणे हे मोठे काम. त्याच्या आत आणखी दोन पदर असतात, आणि ते गाठण्यासाठी पुढच्या-मागच्या मडगार्डांचे खालचे तुकडेही कापावे लागतात. ते करताना मोटारीला खालून नीट आधार दिला नाही, तर ती वाकलेल्या स्थितीतच जोडली जाते आणि जन्मभर तशीच राहते. म्हणून लबाड विक्रेता काय करतो? कुजलेल्या उंबऱ्यावर वरून एक नवा पत्रा चढवतो, फटींत पुट्टी भरतो, खालून काळा डांबरी लेप फासतो आणि लाल रंग मारून मोटार उन्हात उभी करतो.

आमचे एक स्नेही डॉक्टर. लेस्टरला तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. त्यांनी अशीच एक लाल एमजीबी पाहिली. तारांची चाके, आरशासारखे बंपर, अक्रोडी लाकडाचे सुकाणू! आयुष्यभर माणसे तपासलेला हा गृहस्थ, पण त्या मोटारीपुढे पंचविशीतला होऊन उभा राहिला. ‘ठरली,’ असे घरी येऊन सांगितले. वहिनींनी आकडा विचारला. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, “अहो, यात आपला वर्षाचा मुंबईचा फेरा आणि तुमच्या आईंच्या औषधपाण्याचे पैसेही येतात. मीही येते उद्या बघायला.” निघताना त्यांनी फ्रिजवर चिकटवलेला गणपतीचा चुंबक काढून रुमालात गुंडाळला. त्यांचे वडील परळला रंगकामाचे कंत्राट घेत. पत्रा कुठे आणि पुट्टी कुठे हे चुंबकाने कळते, एवढे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. दारावर गणपती घट्ट बसला. बॉनेटवर बसला. उंबऱ्यापाशी नेला आणि टपकन खाली पडला. दुसऱ्या बाजूलाही तेच. विक्रेता घाईघाईने इंजिन किती गोड चालते ते दाखवू लागला. वहिनींनी गणपती उचलून कपाळाला लावला, पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, “चला, यांनाच नको आहे ही.”

डॉक्टरसाहेब आठवडाभर घुश्शात होते. पुढे त्यांनी जी घेतली, तिच्याविषयी सांगण्याआधी एमजीबीचे दोन अवतार समजून घेतले पाहिजेत.

१९६२ पासून १९७४ पर्यंतच्या एमजीबीला चकचकीत धातूचे बंपर. पुढे अमेरिकेचे अपघातसुरक्षेचे नियम आले. मोटारी तर बहुसंख्येने तिकडेच जात. तेव्हा कारखान्याने पुढे-मागे काळे, जाडजूड रबरी वाटणारे बंपर बसवले आणि मोटारीची उंची दीड इंच वाढवली. रूप बिघडले, आणि वळणावर मोटार थोडी कलूही लागली. रसिकांनी नाके मुरडली. ती आजतागायत मुरडलेलीच आहेत आणि म्हणूनच रबरी बंपरची मोटार स्वस्त मिळते. १९७६ च्या मध्यानंतर कारखान्याने मागेही कल रोखणारा दांडा घातल्यामुळे तो दोष बराच कमी झाला. माझे स्पष्ट मत असे, की मर्यादित पैसे घेऊन निघालेल्या माणसाने धातूच्या बंपरची कुजकी मोटार घेण्यापेक्षा रबरी बंपरची सडसडीत, निरोगी मोटार घ्यावी. टप उघडून चालवताना बंपर आपल्याला दिसत नाही. तो दिसतो शेजाऱ्याला!

डॉक्टरांनी घेतली ती अशीच, १९७८ ची, मोहरीसारख्या पिवळ्या रंगाची. गणपती तिच्या उंबऱ्याला चिकटला. आता तो तिच्या डॅशबोर्डावर असतो.

याउपर ज्यांना धातूचेच बंपर हवे, त्यांनी १९६७ च्या अखेरीनंतरची पाहावी. त्या सुमारास चारही गिअर बिनखडखड पडणारी पेटी आणि डायनमोऐवजी आल्टरनेटर आला. दुसरी वाट म्हणजे कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या मुलखातून परत आणलेली मोटार. तिचे आसन उन्हाने फाटलेले असते, डॅशबोर्डला भेगा असतात, सुकाणूही डावीकडे. पण पत्रा बहुधा शाबूत. कातडे फाटले तर शिवता येते.

सुट्या भागांच्या बाबतीत एमजीबीचा हात धरणारी दुसरी मोटार नाही. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला, तोवर सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. पुढे १९८८ पासून जुन्याच साच्यांवर तिचा संपूर्ण नवा पत्री सांगाडा काढायला सुरुवात झाली. साध्या दाराच्या कडीपासून अख्ख्या अंगापर्यंत सगळे मिळते, आणि त्यामुळेच भाव चढत नाहीत. दुर्मिळ मोटार घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की दुर्मिळ मोटारीचा दिवा फुटला तर तो दिवाही दुर्मिळच असतो.

स्पिटफायर पाहायला जाल तेव्हा बरोबर एक माणूस न्या. त्याला क्लच दाबायला सांगा आणि स्वतः इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे नजर ठेवा. क्लच दाबताच पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली, तर आतल्या अर्धचंद्राकृती चकत्या झिजल्या किंवा गळून पडल्या आहेत असे समजावे आणि चहासुद्धा न घेता निघावे. १९७० च्या आधीच्या स्पिटफायरची मागची चाके भरधाव वळणावर एकाएकी पाय सोडला तर आत दुमडू पाहतात. त्यानंतरच्या चौथ्या आवृत्तीत हे पुष्कळ सुधारले. मिजेट गोड खरी, पण उंच माणसाचे गुडघे सुकाणूला भेटतात. पाच फूट आठ इंचांवरच्याने आधी बसून पाहावे, मग प्रेमात पडावे.

आणि ज्यांना हात काळे करायचेच नाहीत? त्यांच्यासाठी हिरोशिमाच्या माझ्दा कारखान्याने १९८९ साली एक मोटार काढली, एमएक्स-५. या जुन्या इंग्रजी मोटारींचा थाट घ्यायचा आणि त्यांचे आजार गाळायचे, असा तो जपानी हिशेब. २०१६ पर्यंत त्यांनी दहा लाख मोटारी काढल्या. ती सकाळी किल्ली फिरवताच सुरू होते, तेल गाळत नाही. डोळे मिचकावत वर येणारे दिवे असलेली पहिली आवृत्ती आता तिशी ओलांडून ‘जुनी’ म्हणवून घेण्याच्या वयाची झाली आहे. मात्र गंज तिलाही सोडत नाही. तिच्याही उंबऱ्याचा मागच्या चाकाजवळचा भाग आधी खिळखिळा होतो, तेव्हा चुंबक इथेही न्यावाच.

खर्चाच्या बाजूला दोन दिलासे आहेत. विलायतेत चाळीस वर्षे ओलांडलेल्या मोटारीला रस्त्याचा कर माफ आहे, आणि मूळ रूपात मोठा फेरफार नसेल तर दरसालची तपासणीही सक्तीची नाही. तपासणी तरी स्वखुशीने करून घ्यावीच. ब्रेक काही कायदा पाहून काम करीत नाहीत. विमा जुन्या मोटारींचा खास घ्यावा. त्यात मोटारीची किंमत आधीच उभयपक्षी ठरवून लिहून ठेवता येते. पेट्रोलचे मात्र सांभाळावे. सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो, आणि तो जुन्या रबरी नळ्या खातो. नळ्या नव्या जातीच्या घालून घ्याव्यात. चार पैशांचे काम आहे, पण न केल्यास गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू शकते.

राहता राहिला मुहूर्त. उघड्या मोटारी वसंतात महाग आणि हिवाळ्यात स्वस्त. इकडे आपल्या फराळाचे डबे रिकामे होत येतात, त्याच सुमारास तिकडे नोव्हेंबरच्या पावसात मालकाला ती मोटार अडगळ वाटू लागते आणि भाव ऐकून घेण्याची त्याची तयारी असते. शक्यतो पावसातच पाहायला जावे, म्हणजे टप गळतो की नाही तेही कळते. मोटार थंड असतानाच पोचावे. मालकाने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल तर का, ते विचारावे. आणि घरी आणली, की रस्त्यावरचे मीठ मार्चच्या सरींनी धुऊन जाईपर्यंत ती शेडमध्येच ठेवावी.