गोठ्यातली गाडी आणि हरवलेला करंट

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडसारख्या गावात जुनी गाडी सहसा भंगारात जात नाही, गोठ्यात जाते. मुलाने नवी घेतली की वडिलांची लुना किंवा सीडी १०० तणसाच्या ढिगाला टेकवून ठेवली जाते. चार पावसाळे जातात, उंदीर वायरिंग कुरतडतात. मग एखाद्या महाशिवरात्रीला यात्रेच्या गर्दीत कुणाची तरी जुनी गाडी फटफटत जाताना दिसते आणि आपलीही काढावीशी वाटते. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, किक मारली, तरी काहीच होत नाही. मिस्त्री म्हणतो, ‘करंट येत नाही.’

इथून पुढे पैसे वाया जाण्याची सुरुवात होते. सीडीआय, म्हणजे ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा, बदला, कॉईल बदला, मॅग्नेटची प्लेट बदला. अर्जुनी मोरगाव, साकोली किंवा गोंदियाला जाऊन एकेक पार्ट आणायचा आणि बसवून पाहायचा. खरं तर गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत पार्ट जळण्याचं तसं काही कारण नसतं. गंज, ओल आणि उंदीर जोडांवर आणि वायरींवर चालून येतात. म्हणून आधी करंटची वाट तपासायची, पार्टचा नंबर नंतर. त्यासाठी स्वस्तातला मल्टिमीटर आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा बल्ब पुरतो.

पहिला प्रश्न: ठिणगीला वीज कुठून मिळते? जुन्या येझदीत किंवा बुलेटमध्ये ती बॅटरीतून येते. बॅटरी मेली की ठिणगीही मेली. लुनासारख्या गाडीत चाकासारखं फिरणारं मॅग्नेटच वीज तयार करतं आणि पॉइंट ती तोडून ठिणगी पाडतात. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली ही ५० सीसीची गाडी कितीतरी घरांत पहिलं वाहन होती, म्हणून गोठ्यांतही तीच जास्त. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० मध्ये पॉइंटची जागा सीडीआयने घेतली, पण वीज मॅग्नेटचीच. अशा गाडीत ठिणगीची आणि दिव्यांची गुंडाळी वेगळी असते. म्हणजे बॅटरी काढून टाकली तरी इंजिन सुरू व्हायला हवं. दिवे लागत नाहीत म्हणून ठिणगीवर संशय घेऊ नये.

मग ठिणगी पाहायची. प्लग काढून टोपीत बसवायचा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या पंख्यांना घट्ट टेकवायचा आणि किक मारायची. आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि प्लग त्याच्या भोकापासून दूर धरायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. टोपी मोकळी लटकवून किक मारू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर विजेचा दाब कॉईलच्या आत मार्ग शोधतो. निळसर, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळट आणि अशक्त असेल किंवा मुळीच नसेल, तर पुढे जायचं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी. मॅग्नेटवर चालणाऱ्या गाडीची चावी आपल्या घरातल्या बटणाच्या उलट वागते. घरातलं बटण बंद केलं की वाट तुटते. इथे चावी बंद केली की ठिणगीची वीज एका वायरीने थेट चेसिसला, म्हणजे अर्थिंगला, जोडली जाते आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. म्हणजे ही एक वायर हँडलपाशी घासून सोलली आणि चेसिसला टेकली, तर गाडी कायमची ‘बंद’. चावीच्या आत ओलीने गंज चढला तरी तेच. सीडीआय बदलून काही होणार नाही, कारण नवाही तितकाच गप्प बसेल. तेव्हा चावीकडे जाणारी ती वायर सॉकेटमधून सोडवायची आणि पुन्हा किक मारायची. होंडाच्या पद्धतीत ती बहुधा पांढरी रेघ असलेली काळी वायर असते आणि अर्थची हिरवी. यामाहात अर्थ काळी असते, त्यामुळे रंगावर आंधळा विश्वास नको. ठिणगी आली तर दोष चावीत किंवा त्या वायरीत. आणि हो, गाडी सुरू झाली तर आता चावीने बंद होणार नाही. गिअरची गाडी असेल तर ती बंद करायला वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून हळूच क्लच सोडावा.

वायर सोडवूनही ठिणगी नाही, तर प्लगकडून मागे यावं. टोपी फिरवून काढायची, जाड वायरीचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून ताजा तांबा उघडा करायचा. टोपीत रोधक असेल तर मीटरवर साधारण पाच हजार ओहम दिसतात. काहीच दिसलं नाही तर टोपी गेली. कॉईलच्या आतल्या दोन गुंडाळ्यांपैकी पहिलीचा रोध थोड्या ओहमांचा, दुसरीचा काही हजारांचा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. थंड असताना चालणारी आणि वीस मिनिटांनी बंद पडून गार झाल्यावर पुन्हा सुरू होणारी गाडी असेल, तर गुंडाळ्या गरम असतानाच मोजाव्या. तापून तार पसरली की आतली तुटलेली जागा उघडते आणि गार झाली की पुन्हा चिकटते.

पॉइंटच्या गाडीत पॉइंटवर चढलेली काजळी बारीक पॉलिश पेपरने काढून पेट्रोलच्या फडक्याने पुसायची. मोठ्यात मोठी फट बहुतेक लहान गाड्यांत ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. पॉइंट उघडताना तिथेच भडक ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला. पॉइंटवर तेलाचा थर पुन:पुन्हा येत असेल तर दोष विजेत नाहीच, क्रँकच्या त्या बाजूचं ऑईल सील गळतंय. मॅग्नेट काढायला मात्र पुलरच वापरावा; हातोड्याने चुंबक तडकतो.

सीडीआय हा बंद डबा. मल्टिमीटरने त्याची नीट परीक्षा होत नाही. म्हणून तो सगळ्यात शेवटी. त्याला वीज देणारी गुंडाळी, ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉईल आणि त्याची अर्थिंगची वायर, एवढं ठीक असेल तर गावातल्या तशाच चालू गाडीचा सीडीआय पाच मिनिटांसाठी मागून आणावा. त्याने ठिणगी आली, तरच नवा विकत घ्यावा.

वायरिंगमध्ये नजर दोन जागी हवी: टाकीखाली, जिथे उंदीर राहतात, आणि हँडलच्या मानेपाशी, जिथे वायरी वर्षानुवर्षं वाकत राहतात. तिथे वरचं प्लॅस्टिक शाबूत असतं आणि आतला तांबा तुटलेला असतो. टेस्ट बल्ब जोडून हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवावं. बल्ब लुकलुकला की जागा सापडली. आणि नुकतीच चेसिसला पावडर कोटिंग करून आणली असेल तर रंग वीज वाहत नाही हे आठवावं. अर्थिंगचा बोल्ट जिथे बसतो, इंजिन जिथे चेसिसला टेकतं, तिथला रंग खरवडून उघडा धातू काढायचा. सुंदर रंगवलेल्या गाडीत हॉर्न बसका, इंडिकेटर मंद आणि बल्ब वारंवार उडणारे, असं दिसलं की मी आधी हा बोल्ट पाहतो.

दिव्यांचं गणित वेगळं. झाडीपट्टीतलं नाटक पाहून रात्री परतताना जुन्या गाडीचा हेडलाईट ॲक्सिलरेटरप्रमाणे कमी-जास्त होतो, तो मॅग्नेटच्या वेगामुळे. फार जुन्या गाड्यांत दाब आवरायला रेग्युलेटरही नसतो. बल्बच्या वॅटवरच दाब स्थिर राहतो. अशा गाडीत हेडलाईट उडाला की त्याच्या वाट्याची वीज मागच्या बल्बवर पडते आणि पाठोपाठ तोही जातो. रेग्युलेटर असलेल्या गाडीत सगळे बल्ब एका दमात उडाले, तर रेग्युलेटरची अर्थ वायर आधी पाहावी, मग रेग्युलेटर. बॅटरी असलेल्या गाडीत हॉर्न आणि इंडिकेटर बहुधा तिच्यावर चालतात. रात्रभर चार्ज करून ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी सकाळी १०.५ व्होल्टच्या आसपासच थांबली, तर तिचा एक सेल गेलेला असतो. चांगली बॅटरी इंजिनचा वेग थोडा वाढवल्यावर १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. १५ च्या वर गेली तर ती उकळून सुकेल.

बाजारातला एलईडी बल्ब अशा गाडीत घालण्याचा मोह होतो. पण मॅग्नेटवरून हेडलाईटला मिळते ती उलटसुलट वाहणारी वीज, म्हणून इंजिन हळू असताना तो लुकलुकतो. तो घालायचाच असेल तर बॅटरीवरच्या वायरिंगमधून घालावा, आणि चार्जिंग तेवढा भार उचलतं का हे इंजिन मंद असताना मीटर लावून पाहावं.